अर्धलीची शेळी

मागच्या वर्षी श्रावणातल्या एका बुधवारी आष्टी तालुक्यातल्या एका शेळी संशोधन केंद्रात एक शेळी आणि तिचे दोन बोकड इंजेक्शन देऊन मारण्यात आले. त्यांची शवे केंद्राच्याच आवारातल्या भट्टीत जाळण्यात आली. शेळी माझ्या आत्याची होती. दोन बोकडांपैकी एक, गावच्या रिवाजाप्रमाणे, तिचा होता.

मी बीडला एका दैनिकाच्या डेस्कवर काम करतो. साप्ताहिक सुट्टीला गावी जातो. गावी आता आत्याशिवाय माझे कोणी नाही. खाली लिहिले आहे त्यातले काही मी समोर उभा राहून पाहिले, काही आत्याने सांगितले, बाकीचे केंद्रातल्या पशुवैद्यक बाईंनी. जिथे मी नव्हतो तिथे कोणी सांगितले ते दिले आहे.

आमच्या गावातली बरीच घरे दसऱ्यानंतर ऊसतोडीला जातात. बैल सोबत जातात, लहान पोरेही जातात. शेळ्या नेता येत नाहीत. त्या मागे राहणाऱ्या कोणाकडे तरी सांभाळायला द्यायच्या, त्याला अर्धलीने देणे म्हणतात. सांभाळणाऱ्याने चारायचे, पाणी पाजायचे, शेळी व्याली की तिचे बघायचे. शेळी मालकाचीच राहते. होणाऱ्या करडांत दोघांचा निम्मा वाटा. दोन झाली तर एकेक, आणि निवड आधी मालकाची. एकच झाले तर या वेताचे एकाचे, पुढच्या वेताचे दुसऱ्याचे. कागद कधी होत नाही. वाद झाला तर मारुतीच्या पारावर दोन जाणती माणसे बसवतात. ती जे म्हणतील ते दोन्ही बाजू मानतात, कारण दोन्ही बाजूंना त्याच गावात राहायचे असते.

आत्या आणि तिचा नवरा पूर्वी ऊसतोडीला जात. तोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. नवरा गेला तेव्हा तिचा कोयता मोडला आणि ती गावात राहिली. तेव्हापासून ती जाणाऱ्यांच्या शेळ्या अर्धलीने सांभाळते. तिच्या स्वतःच्या म्हणून ज्या शेळ्या आहेत त्या सगळ्या अशा वाट्यातून आलेल्या. आमच्या भागात उस्मानाबादी जातीच्या शेळ्या असतात: काळ्या, लांब कानांच्या, बहुधा जुळी देणाऱ्या. आत्याची ही शेळीही तशीच होती. काळी, आणि दोनदा व्यालेली.

केंद्र गावाच्या शिवाराला लागून आहे. तारेचे कुंपण, पत्र्याचे गोठे, एक पांढरी इमारत. गावात त्याला शेळ्यांचा दवाखाना म्हणत. ते दवाखाना नव्हते. तिथे शेळीच्या अंगावर मांस जास्त भरावे यासाठी एक प्रयोग चालू होता. पशुवैद्यक बाई त्या प्रयोगावर होत्या. त्यांचे माहेर लातूरकडच्या एका खेड्यातले. गावातल्या शेळ्यांनाही त्या लसी देत, जंताचे औषध देत, त्यामुळे आत्या त्यांना ओळखत होती.

त्याच्या आदल्या वर्षी दसऱ्यानंतर बाई आत्याच्या अंगणात आल्या तेव्हा मी ओट्यावर बसलेलो होतो. त्यांनी दावणीवरून नजर फिरवली.

"मावशी, ही काळी विकता का?"

"ही न्हाई. ती पलीकडची न्या. लई खादाड हाय, गेली तर बरंच."

"मला दोनदा व्यालेली पाहिजे. जुळी देणारी."

"मंग तर अजिबात न्हाई."

बाईंनी सांगितले की केंद्रातल्या शेळ्या कमी पडताहेत आणि खरेदीची मंजुरी येईपर्यंत हंगाम निघून जाईल. शेळीच्या पोटात बाहेर तयार केलेले दोन गर्भ ठेवायचे आहेत. आत्याला कृत्रिम रेतन माहीत होते, गाईंना ते गावात होत असे. तिने हेही तसेच काही असेल असे धरले.

"विकत देत न्हाई," ती म्हणाली. "अर्धलीनं न्या. माझ्याकडं आता तोडीवाल्याच्या शेळ्या येतील, दावणीला जागा बी न्हाई."

"चालेल," बाई म्हणाल्या.

शेजारचा एक जण भिंतीवरून ऐकत होता. त्या वर्षी पाठीच्या दुखण्यामुळे तो तोडीला गेला नव्हता. तो म्हणाला, "आत्ये, आता साहेब लोक तुझी शेळी चारणार व्हय?"

"चारू दे की. तुझ्या घरच्या मी न्हाई का चारत."

"मी काय साहेब हाय का?"

"न्हाई. म्हणून तर तुझ्या शेळीला खायला लई लागतं."

त्या दिवशी संध्याकाळी बाई शेळी घेऊन गेल्या. आत्याने आयुष्यभर दुसऱ्यांच्या शेळ्या अर्धलीने घेतल्या होत्या. आपली शेळी तिने अर्धलीने दिली, ती हीच पहिली.

बाईंनी हो का म्हटले, हे मी नंतर त्यांना विचारले. त्यांचे उत्तर असे: त्यांच्या आजीच्या घरीही अर्धल चालत असे, त्यामुळे ती रीत त्यांना परकी वाटली नाही. शिवाय बाहेरचा गर्भ ठेवला तरी बहुतेक शेळ्यांत तो टिकत नाही. ही शेळी रिकामी परत येईल, मग तिला केंद्रातल्या चांगल्या बोकडाकडून भरवू आणि ते वेत वाटून घेऊ, असा त्यांचा हिशेब होता. गर्भ टिकला तर काय, हा विचार अंगणात उभे असताना त्यांच्या मनात आला नाही. केंद्राच्या दप्तरी शेळी "तात्पुरत्या वापरासाठी" अशी लागली.

दोन्ही गर्भ टिकले. फाल्गुनात शेळीला दोन करडे झाली, दोन्ही बोकड. बाईंनी आत्याला निरोप धाडला आणि मी गावात असल्याने मीही गेलो.

आम्हाला जाळीपर्यंत जाऊ दिले. आत शेळी उभी होती आणि दोन्ही करडे तिला लुचत होती. शेळीने आत्याचा आवाज ओळखला आणि तोंड वळवले. करडे दिसायला सारखीच होती. बाईंनी सांगितले की दोन्हींच्या रक्ताची तपासणी व्हायची आहे आणि त्यानंतरच कळेल.

"काय कळंल?" आत्याने विचारले.

बाईंनी सांगायला सुरुवात केली. डेस्कवर आम्ही याला आरएनए हस्तक्षेप असे लिहिले असते आणि वाचकाने पान उलटले असते. बाईंनी ते असे सांगितले: प्रत्येक जनावराच्या अंगात मांस किती वाढावे याला लगाम घालणारे एक जनुक असते. ते स्वतः काही करत नाही. ते पेशीत सांगावा धाडते, त्या सांगाव्याप्रमाणे एक पदार्थ तयार होतो, आणि तो पदार्थ मांसाला सांगतो की आता पुरे. प्रयोगात ते जनुक काढून टाकलेले नाही. ते जागेवरच आहे आणि सांगावाही धाडते आहे. फक्त तो सांगावा वाटेतच पकडून तोडणारा एक बारीक तुकडा गर्भात घातलेला आहे. थोडा सांगावा पोचतो, बराचसा पोचत नाही.

आत्याने जाळीला हात धरून ऐकले.

"म्हंजी सासू घरात तशीच हाय," ती म्हणाली, "पर तिचा आवाज बसलाय."

"तसंच."

"मंग सून माजणारच."

बाई हसल्या. आत्याही हसली. मग ती म्हणाली, "दूध तुटलं की माझा घेऊन जाते. निवड माझी. पर मी तुमाला आधीच सांगते, मला तो माजलेला नको. साधा द्या."

बाई म्हणाल्या, "बघू, मावशी."

उन्हाळ्यात बाई आत्याच्या घरी आल्या. त्या दिवशीही मी गावात होतो. त्यांनी चहा घेतला नाही. त्यांनी सांगितले की प्रयोगाला ज्या अटींवर परवानगी मिळाली होती त्यांत एक अट अशी आहे की प्रयोगात जन्मलेले कोणतेही जनावर केंद्राच्या बाहेर जाणार नाही. प्रयोग संपला की ते मारून जाळायचे. करडांना हे लागू आहे.

"कावून?" आत्या म्हणाली. "रोग हाय का त्याला?"

"रोग नाही. अजून कोणालाच पुरतं ठाऊक नाही, म्हणून."

"बरं. मंग शेळी कधी सोडता?"

शेळीही सोडता येणार नाही, बाईंनी सांगितले. शेळीच्या पोटात ती करडे पाच महिने होती. करडाच्या पेशी थोड्याफार आईच्या रक्तात उतरतात आणि राहतात. म्हणून अट शेळीलाही लागू आहे. "हे मला तेव्हा सांगायला पाहिजे होतं," त्या म्हणाल्या. "मीच विचार केला नाही."

आत्याने उठून दुसऱ्या शेळ्यांना पाणी ठेवले आणि परत येऊन बसली.

"मी लोकाच्या लई शेळ्या सांभाळल्या, बाई," ती म्हणाली. "एकाचं बी करडू बुडवलं न्हाई."

"माहीत आहे."

"मंग?"



तपासणीचा निकाल वैशाखात आला. एका करडात तो तुकडा होता. दुसऱ्यात नव्हता. रक्तात नाही आणि कानाच्या कातडीतही नाही. बाईंनी हे मला फोनवर सांगितले आणि मी आत्याला. आत्याने लगेच केंद्रात जायचे ठरवले.

"दुसऱ्यात काहीच न्हाई म्हनता ना," ती जाळीपाशी बाईंना म्हणाली. "मंग तो साधा बोकड झाला. कुठल्या बी शेळीचा असतो तसा. शेळी तुमी ठेवा, तो माजलेला तुमी ठेवा. ह्यो माझा."

बाईंनी जैवसुरक्षा समितीला पत्र लिहिले. ही समिती बाहेरच्या तज्ज्ञांची, ती दुसऱ्या शहरात बसते. समितीचे उत्तर आले की रक्तात आणि कातडीत तुकडा सापडला नाही, याचा अर्थ तो कुठेच नाही असा होत नाही. कधी कधी तो शरीराच्या काही पेशींत असतो आणि काहींत नसतो. हे करडू नर आहे. त्याच्या वीर्यात तुकडा असला तर तो पुढच्या पिढीत जाईल, गावभर जाईल, आणि मग परत आणता येणार नाही.

मी आत्याला हे समजावून सांगितले. तिने नीट ऐकले आणि सरळ उत्तर दिले.

"मंग खच्ची करा की. बोकड खच्ची करायला काय अवघड हाय. खच्ची करून द्या, कुठं जातंय ते पुढच्या पिढीत."

मला हे सुचले नव्हते. बाईंनाही नाही, असे त्या म्हणाल्या. त्यांनी दुसरे पत्र लिहिले आणि त्यात ही तयारी कळवली. त्या पत्राने आम्हाला तिघांनाही काही दिवस बरे वाटले. आत्याने दावणीवर एक जागा मोकळी केली. त्या वर्षी तोडीवाले लवकर परतले होते आणि आपापल्या शेळ्या घेऊन गेले होते, तेव्हा जागा तशीही होती.

दुसऱ्या पत्राचे उत्तर असे होते की खच्ची केलेले जनावरही शेवटी खाण्यात जाऊ शकते, आणि प्रयोगातल्या जनावराचे मांस खाण्याला मंजुरी नाही.

"मी माळकरी," आत्या म्हणाली. "मी कशाला खाते."

"तुम्ही खाणार नाही, मावशी," बाई म्हणाल्या. "पण विकाल ना?"



"न्हाई म्हनू का?" आत्या म्हणाली. "विकीन की. बोकड काय पूजेला ठेवत्यात का?"

बाईंनी हे समितीला कळवले नाही, पण तिसरे पत्रही लिहिले नाही.

याच सुमारास मी समितीच्या कार्यालयात फोन केला. पत्रकार म्हणून नाही, नातेवाईक म्हणून. तिथल्या माणसाने ऐकून घेतले आणि विषय पुढच्या बैठकीत ठेवू असे सांगितले. पुढची बैठक कधी, हे त्याला सांगता आले नाही. बातमी देण्याचा विचारही माझ्या मनात आला होता. बातमीत पहिला प्रश्न आला असता की गावातली शेळी मंजुरीशिवाय प्रयोगात कोणी घेतली. त्याचे उत्तर एकच होते. मी आत्याला विचारले. ती म्हणाली, "त्या पोरीचं नाव छापू नको. तिनं आपल्याला हो म्हटलं हाय, न्हाई म्हटलं न्हाई." मी बातमी दिली नाही.

मग आत्याने माणसे बसवायचे ठरवले.

"ती समिती कुठं बसती?" तिने मला विचारले.

मी शहराचे नाव सांगितले.

"तितं आपलं कोन हाय?"

"कोणी नाही."

"मंग हितं बसवू. केंद्राचा साहेब तर हितला हाय ना."

केंद्राचे प्रमुख इथले नव्हते, पण त्यांची बदली होऊन ते इथे आले होते आणि केंद्राच्या आवारात राहत होते. त्यांनी यायचे मान्य केले. मला ते येतील असे वाटले नव्हते. ते ठरल्या दिवशी सकाळी मोटारसायकलवर आले, चपला काढून पारावर बसले. सोबत बाई होत्या. बसवलेली दोन माणसे म्हणजे गावचे माजी सरपंच आणि किराणा दुकानदार. दुकानदार बोलायला तिखट, पण त्याचा निवाडा गावात कोणी आजवर मोडलेला नाही. बघायला पंधरावीस जण जमले. भिंतीवरून बोलणारा शेजारी पुढे बसला होता.

माजी सरपंचांनी सुरुवात केली.

"साहेब, शेळी कुणाची?"

"यांची," प्रमुखांनी आत्याकडे हात केला.

"चारली कुणी?"

"आम्ही."

"कशावर नेली?"

प्रमुखांनी बाईंकडे पाहिले. बाई म्हणाल्या, "अर्धलीवर."

"करडं किती?"

"दोन."

"मंग भांडन कशाचं हाय?" माजी सरपंच म्हणाले.

प्रमुखांनी अट सांगितली. करडे या शेळीच्या पोटातून आली तरी गर्भ बाहेरचा होता, हेही सांगितले. दुकानदार म्हणाला, "साहेब, आमच्याकडं बोकड कुणाचा ते इचारत न्हाईत. वीन शेळीवाल्याची. आज इचारायला लागलं तर गावात लई भांडनं लागतील." लोक हसले. प्रमुखही थोडे हसले.

"एक आत्याचा," माजी सरपंचांनी निवाडा दिला. "निवड तिची. ती साधा मागती, तो तिला द्यावा. शेळी बी परत द्यावी. मान्य?"

"मान्य आहे," प्रमुख म्हणाले.

"मंग द्या."

"देता येत नाही."

"म्हंजी मान्य न्हाई," दुकानदार म्हणाला.

"मान्य आहे. तुमचं बरोबर आहे. पण मला देता येत नाही. मी दिला तर मला जेलमध्ये घालतील असं नाही, पण परवानगी जाईल, केंद्र बंद होईल, आणि बोकड तरीही परत नेतील."

"कोण नेतील?"

"जे कोणी येतील ते."

मग प्रमुखांनी आत्याला बदली शेळी देऊ केली, केंद्रातली, दोनदा व्यालेली. आत्याने मान हलवली. "मी बदली मागितली न्हाई," ती म्हणाली. "माझी हाय ती जिती हाय. जितीला बदली काय?"

चहा आला, सगळ्यांनी घेतला, आणि प्रमुख मोटारसायकलवर बाईंना घेऊन गेले. दोन माणसांनी निवाडा दिला आणि तो झाला नाही, असे आमच्या पारावर कोणाच्या आठवणीत नव्हते. दुकानदाराने पुन्हा कधी बसायला यायचे नाही असे ठरवले. ते त्याने मला नंतर सांगितले.

उठताना शेजारी म्हणाला, "आत्ये, जिंकलीस बघ तू."

"व्हय," आत्या म्हणाली. "आता जिंकलेलं बांधू कुठं, ते सांग."

आषाढात प्रयोगाचा शेवट झाला. कारण बाईंनी मला सांगितले ते असे. तुकडा असलेल्या बोकडाच्या मांड्या सुरुवातीला अपेक्षेप्रमाणे भरल्या. मग वाढ मंदावली. तपासणीत आढळले की लगाम घालणाऱ्या जनुकाचा सांगावा पुन्हा पूर्वीसारखा पोचू लागला आहे. घातलेला तुकडा जागेवर होता, पण शरीराने त्याचेच काम बंद पाडले होते. असे होते, त्या म्हणाल्या. चार महिन्यांत दोन्ही बोकड वजनाला जवळपास सारखे झाले होते. प्रयोगाची मुदत वाढवून मिळाली नाही. केंद्राला आदेश आला की प्रयोगातली सर्व जनावरे अटीप्रमाणे निकालात काढावीत.

आत्याने बाईंना घरी बोलावले. तिने रागाचे काही बोलायचे नाही असे ठरवलेले दिसले.

"अर्धलीत जनावर मेलं तर एक रीत हाय," ती म्हणाली. "सांभाळनाऱ्यानं मालकाला कातडं आनून दाखवायचं. म्हंजी मालकाला कळतं, इकलं न्हाई, मेलंच. मला तुमच्यावर इश्वास हाय, तसं न्हाई. पर रीत हाय."

बाईंनी सांगितले की कातडे, शिंगे, खूर, सगळे जाळायचे असते.

"मंग मला बोलवा. मी डोळ्यानं बघते. मी रडनार न्हाई."

बाई हे विचारून सांगते म्हणाल्या. त्यांनी प्रमुखांना विचारले. प्रमुखांनी वर विचारले. वरून उत्तर आले की त्या जागी बाहेरच्या व्यक्तीला प्रवेश देता येत नाही.

"बरं," आत्या म्हणाली. "दिवस तरी सांगा."

दिवस सांगायची परवानगी नाही, हे बाईंनी तिला तोंडावर सांगितले. पण झाल्यावर मी सांगेन, असे त्या म्हणाल्या.

श्रावणात मी दोन सुट्ट्या गावी काढल्या. त्यांपैकी दुसऱ्या सुट्टीला आत्या केंद्राच्या कुंपणापर्यंत जाऊन आली होती. तिने सांगितले की जाळीवर हिरवे कापड बांधले आहे, आत दिसत नाही, पण शेळीने आवाज दिला. मी त्याची खात्री केलेली नाही. त्या दिवशी केंद्रात आणखी शेळ्या होत्या.

गुरुवारी दुपारी डेस्कवर असताना बाईंचा फोन आला. काल झाले, एवढेच त्या म्हणाल्या. मी त्या दिवशी पानांची कामे दुसऱ्याकडे देऊन संध्याकाळच्या बसने गावी गेलो. आत्या ओट्यावर भाजीची जुडी निवडत होती. मी सांगितले. तिने निवडणे थांबवले नाही. निवडून झाल्यावर भाजी परातीत ठेवली आणि हात पुसले.

"आधी कोन?" तिने विचारले.

मला प्रश्न कळला नाही.

"आधी शेळीला घातली का सुई, का आधी करडांना? त्या बाईला इचार."

मी बाईंना फोन लावला. फोन स्पीकरवर होता आणि आत्या शेजारी बसली होती. मी प्रश्न तसाच विचारला. बाईंनी सांगितले.

आधी शेळी. तिला पलीकडच्या खोलीत एकटीला नेले होते. बोकड नंतर, एकामागून एक. साधा शेवटी.